ग्यानबा मिस्त्रींचे नाव

हे मी लिहावे की नाही, याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही. आमच्या घरात पत्रापलीकडे कुणी कधी काही लिहिले नाही, आणि पत्रेही चौथीपासून मीच लिहीत आलो. कॉलेजात आल्यावर चांगले लेख वाचायला मिळाले. ते वाचून आपण न लिहिलेलेच बरे असे वाटू लागले. शिवाय ज्या माणसाविषयी लिहायचे, त्याचा मी ना नातलग, ना त्याच्या हाताखाली शिकलेला. त्याच्या जन्मगावाचे नाव मला आजही नीट उच्चारता येत नाही. तेव्हा चरित्र लिहिण्याचा आव मी आणत नाही. मला जेवढे दिसले आणि जेवढे माझ्या हातून घडले, तेवढे सांगतो. अधिकउणे झाल्यास वाचकांनी पदरात घ्यावे.

त्यांचे खरे नाव यान कोवाल. देश पोलंड. महायुद्धात घरदार गमावलेली पुष्कळ पोलिश बायकामुले आणि थोडे पुरुष कोल्हापूरजवळच्या एका छावणीत आणून ठेवले होते, त्यांतले ते एक. बायको वाटेतच वारली होती. लढाई संपल्यावर छावणी मोडली आणि माणसे देशोदेशी पांगली. त्यांची मुलगी हांका तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची. ती मावशीबरोबर ऑस्ट्रेलियाला गेली. यानना मात्र डॉक्टरांनी अडवले. छातीच्या फोटोत डाग निघाला, आणि डाग असलेल्या माणसाला तो देश आत घेत नव्हता. ते मागे राहिले. लोखंडाचे काम हातात होते, म्हणून फिरत फिरत आमच्या इंदापूर तालुक्यातल्या साखर कारखान्यात फिटर म्हणून लागले.

यानचे ग्यानबा व्हायला एक हंगामही लागला नाही. ग्यानबा मिस्त्री म्हटले की अंथुर्ण्यापासून बावड्यापर्यंत सगळे ओळखत. उंच, किंचित वाकलेले, भुवया वाळल्या पाचटाच्या रंगाच्या, डाव्या हाताच्या करंगळीचे पेर तुटलेले. मराठी बोलत, पण ती छावणीत दूध आणि भाजी घेऊन येणाऱ्या बायकांकडून उचललेली. त्यामुळे ते सगळ्यांनाच ‘गं’ म्हणत. हमालाला ‘सरक गं’, कारकुनाला ‘बस गं’, आणि कारखान्याच्या मोठ्या इंजिनियरसाहेबांनासुद्धा ‘साहेब, इकडं बघ गं’. पहिल्या दिवशी सगळी पाळी हसली. पुढे त्यांची चूक कुणी सुधारली नाही. उलट एखादा नवा पोरगा हसला, तर जुने लोक त्याला दटावत, “हसतोस काय लेका? मिस्त्री तसंच बोलत्यात.”

मी मॅट्रिक होऊन टाइम ऑफिसात हंगामी कारकून होतो, तेव्हा त्यांना रोज पाहत असे. त्यांच्याजवळ बाभळीची हातभर काठी असायची. चालत्या चरकाच्या बेअरिंगवर काठीचे एक टोक टेकवायचे, दुसरे आपल्या जबड्याच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे. युद्धात त्यांचा एक कान गेला होता. ते हाडाने ऐकत.

एकदा ऐन हंगामात असेच ऐकून ते साहेबांकडे गेले. “साहेब, दोन नंबरचं रडतंय गं. थांबव.”

साहेब म्हणाले, “गव्हाणीत ऊस उभा आहे, ग्यानबा. गाड्या रस्त्यापर्यंत लागल्यात. पाळी संपू दे, मग बघू.”

“मग बघायला राहणार न्हाय गं.”

“रडू दे थोडं. रडून कुणी मरत नाही.”

दुपारी बेअरिंग जळले. धूर निघाला आणि चरक दीड दिवस बंद पडला. मिस्त्री आता साहेबांना काय ऐकवतात, याची सगळे वाट पाहत होते. त्यांनी दीड दिवस जेवणापुरतीही जागा सोडली नाही. काम पुरे करून चरक सुरू केला आणि मग बाभळीची काठी साहेबांच्या हातात दिली. “आता ऐक गं. हासतंय.” साहेबांनी खरोखरच काठी जबड्याला लावली. त्यांना काय ऐकू आले कोण जाणे, पण त्यांनी मान हलवली.

त्या संध्याकाळी मी त्यांना विचारले, “मिस्त्री, तुम्हाला राग कसा आला नाही?” ते म्हणाले, “मशीन खोटं बोलत न्हाय गं. त्याला कुणाचं वाईट वाटत न्हाय. माणूस खोटं बोलतोय. समोरच्याला वाईट वाटंल म्हणून बोलतोय.” तेव्हा ते मला नुसते चमत्कारिक बोलणे वाटले.

माझे चुलते तात्या अंथुर्ण्याचे पोलीस पाटील. त्यांच्या विहिरीवरचे ऑइल इंजिन मिस्त्रींनी एकदा दुरुस्त केले, तेव्हापासून दर रविवारी ते आमच्या घरी येत. दोघांचे वय एक, दोघांनाही तंबाखू प्रिय, आणि दोघेही बोलण्यापेक्षा बसण्यात जास्त रमणारे. एकदा मिस्त्री म्हणाले, त्यांच्या देशात ऊस नाही, साखर जमिनीतल्या कंदापासून करतात. तात्या इतके हसले की पान बाहेर आले.

“मुळ्याची साखर! मग मिरचीचं दूध काढत असाल की!”

“खरं गं, पाटील.”

“आरं, आमी उसात जल्मलो. आमाला शिकवतोस व्हय?”

मिस्त्रींनी वाद घातला नाही. दोनेक महिन्यांनी हांकाच्या पत्रातून चिमूटभर बी आले. त्यांनी ते आपल्या खोलीमागे लावले, पाणी घातले, उन्हाळ्यात गोणपाटाची सावली केली. हाताच्या मुठीएवढे कंद आले. ते किसून, शिजवून, गाळून, आटवून त्यांनी सुपारीएवढा काळपट खडा तयार केला आणि कागदात गुंडाळून तात्यांकडे आणला. तात्यांनी कोपरा मोडून जिभेवर ठेवला. बराच वेळ चघळला.

“गोड हाय,” ते म्हणाले. “पर मातीचा वास येतोय.”

“व्हय,” मिस्त्री म्हणाले. “तिकडं बी येतोय.”

उरलेला खडा त्यांनी परत कागदात गुंडाळून खिशात ठेवला. मला त्यातला कण मिळाला नाही आणि मी मागितलाही नाही.

मिस्त्री परदेशी असल्यामुळे त्यांचे नोंदणीचे एक पुस्तक होते. त्यावर फोटो, तुटक्या करंगळीची खूण, राहण्याची परवानगी आणि तिची मुदत. ते पुस्तक एका टिनच्या डब्यात, फडक्यात बांधलेले असे. मुदत संपायच्या आधी ते घेऊन इंदापूरच्या कचेरीत जावे लागे. त्या दिवशी मिस्त्री दाढी करून, लोकरीचा एकुलता एक कोट चढवून जात. मग ऊन केवढेही असो. तिथले हवालदार त्यांना म्हणत, “मिस्त्री, कोट तरी काढा. तुमाला बगून मलाच घाम फुटतोय.” मिस्त्री म्हणत, “फोटोत कोट हाय गं. न्हाय घातला तर ओळखशील कसा?” हवालदार चहा मागवीत, शिक्का मारीत, आणि पुस्तक दोन्ही हातांनी परत देत. छावणीपासून त्या पुस्तकाशिवाय आपल्याला कुठे उभे राहता येत नाही, हे मिस्त्री जाणून होते. आम्ही जाणत नव्हतो.

मग हांकाचे ते पत्र आले. तिचे लग्न झाले होते, मुलगा झाला होता, नवऱ्याने घराला एक खोली वाढवली होती. तिकडच्या सरकारने वडिलांचा अर्ज पुन्हा घ्यायचे कबूल केले होते. मिस्त्री मुंबईला जाऊन छातीचा नवा फोटो काढून आले. आमच्या अंगणात ती काळी फिल्म त्यांनी उन्हाकडे धरली. “हे बघ पाटील. हितं व्हता. गेला.”

तात्यांनी डोळे बारीक केले. “मला तर निस्त्या बरगड्या दिसत्यात.”

“तेच गं! निस्त्या बरगड्या!” मिस्त्री एवढ्या मोठ्याने हसलेले मी त्या एकाच वेळी पाहिले.

आता तिकडच्या वकिलातीचा शेवटचा कागद तेवढा यायचा होता. पण तो येईपर्यंत थांबायचे कशाला? आमच्या ओसरीवर सगळ्यांचे एकमत झाले. आमच्याकडे माणूस एका ठिकाणाहून दुसरीकडे जातो, तो आधी इथले नाव कमी करून जातो. तात्यांची मुलगी बावड्याला दिली, तेव्हा आमच्या रेशनकार्डावरचे तिचे नाव कापून चिठ्ठी मिळेपर्यंत सासरच्या कार्डावर तिचे नाव चढले नव्हते. मी नुकताच कॉलेजात जायच्या तयारीत होतो. शाळा सोडल्याचा दाखला हातात असल्याशिवाय कॉलेजने माझा फॉर्म घेतला नव्हता. तात्या म्हणाले, “सरळ हाय. पयलं हितलं नाव कमी करायचं. दाखला आला, की मग तितं नाव लागतंय.”

मिस्त्री जरा घुटमळले. “पण गं, तिकडचा कागद अजून आला न्हाय.”

तेव्हा मी बोललो. मीच बोललो. “मिस्त्री, इकडचं नाव कमी झाल्याशिवाय ते तिकडं लावतील कसं?”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. घरात इंग्रजी येणारा मी एकटा होतो. “तू शिकलेला हायस गं,” ते म्हणाले, आणि टिनचा डबा माझ्यापुढे सरकवला.

अर्ज मी लिहिला. नोकरी सोडून आपण मुलीकडे कायमचे जात आहोत, तरी आपली परवानगी रद्द करून नाव कमी करण्याची मेहेरबानी व्हावी. त्यातले एक लांबलचक इंग्रजी वाक्य मला इतके साधले होते की मी ते तात्यांना दोनदा वाचून दाखवले, त्यांना त्यातले काही कळत नसताना. इंदापूरला हवालदारांनीही अर्ज वरखाली पाहिला आणि म्हणाले, “विंग्रजी झकास हाय.” तात्यांची शिफारस खाली होतीच. पुस्तक आणि अर्ज पुण्याला रवाना झाले. त्याच आठवड्यात मिस्त्रींनी कारखान्याचा राजीनामा दिला. हजेरीपटावर नावापुढे रेघ पडली, खोलीची किल्ली परत गेली, रेशनकार्ड जमा झाले. आमच्या ओसरीवर येऊन बसले तेव्हा म्हणाले, “आज माझ्यावर लई रेघा पडल्या गं.” आम्ही हसलो. कागद येईपर्यंतचा त्यांचा मुक्काम आमच्याकडेच ठरला.

दीड महिन्याने वकिलातीचे पत्र आले. ते मीच वाचले. सर्व कागद ठीक आहेत. अर्जदाराने चालू मुदतीचे नोंदणी पुस्तक आणि राहण्याची परवानगी घेऊन हजर व्हावे.

आम्ही तिघे इंदापूरला गेलो. पुस्तक पुण्याहून रद्द होऊन आले होते. प्रत्येक पानावर तांबडी तिरपी रेघ. ते पुस्तक म्हणे बंदरावर, जहाजाच्या शिडीवर पाय ठेवायच्या वेळी परत करायचे असते. तोपर्यंत जिवापलीकडे सांभाळायचे असते. हवालदार खुर्चीवरून उठून उभे राहिले. ते तात्यांना म्हणाले, “पाटील, आईशपथ सांगतो, म्या कदी परदेशी मानूस जाताना बगितलाच न्हाय. आला तर काय लिवायचं ते सायबानं शिकवलं. जायचं कुनी शिकवलं न्हाय.”

नवे पुस्तक मिळायला नोकरी किंवा जामीन हवा होता, राहण्याचा पत्ता हवा होता, आणि या प्रत्येकाला आधी पुस्तक हवे होते. कारखान्यात त्यांच्या जागी दुसरा माणूस लागला होता. मिस्त्री आता कुठल्याच यादीत नव्हते.

बाहेर कडुनिंबाखाली आम्ही उभे राहिलो. मी म्हणालो, “मिस्त्री, माझ्यामुळे झालं.” त्यांनी बगलेतली काठी काढली, एक टोक माझ्या छातीवर टेकवले, दुसरे जबड्याला लावून डोळे मिटले. “चालू हाय गं,” ते म्हणाले. “काय झालं न्हाय.” तात्या तोंड फिरवून रस्त्याकडे बघत राहिले.

तात्या त्यांना पुढेही आमच्या घरी ठेवायला तयार होते. मिस्त्रींनीच नको म्हटले. कागद नसलेला परदेशी माणूस पोलीस पाटलाच्या घरात सापडला तर पाटीलकी जाईल, हे त्यांना हवालदारांनी न सांगताच कळले होते. तात्यांच्या एका सोयऱ्याचा बारामती तालुक्यात कऱ्हाटीला भाजीपाल्याचा मळा होता. तिथे इंजिनाच्या पत्र्याच्या खोपीत ते राहू लागले. मी पुण्याला कॉलेजात गेलो. माझ्या फॉर्मवर सगळे कागद बरोबर होते.

तात्यांनी जामीनकी लिहून दिली, मळ्याच्या मालकाने राहण्याचा कागद दिला, हवालदारांनी स्वतः दोनदा पुण्याला खेपा घातल्या. तरी नवे पुस्तक यायला आठ महिने गेले. सुट्टीत मी कऱ्हाटीला जात असे. आजूबाजूच्या बागाईतदारांची इंजिने ते दुरुस्त करीत. पण नोकरीची परवानगी नाही म्हणून मोबदला घेत नसत. लोक खोपीपुढे वांगी, पेरू, घेवडा ठेवून जात. “माझं दुकान लागलंय गं,” ते हसून म्हणत. पावसाळा सबंध त्यांनी त्या पत्र्याखाली काढला. बोलता बोलता ते उठून इंजिनामागे जात, आणि इंजिनाच्या आवाजात मला काही ऐकू येत नसे. मी ते तेव्हा मनावर घेतले नाही. छातीचा फोटो सहा महिन्यांपुरताच चालतो, हेही मला ठाऊक नव्हते. त्यांना ठाऊक होते का, हे मी आजही सांगू शकत नाही.

पुस्तक आले त्या आठवड्यातच ते निघाले. बारामतीच्या स्टेशनावर तात्या आणि मी त्यांना पोचवायला गेलो. दौंडला जाणारी छोटी गाडी उभी होती. मिस्त्री उन्हात लोकरीचा कोट घालून, बगलेत टिनचा डबा, हातात काठी, असे आले. कोट खांद्यावरून उतरत होता. मला वाटले, कोट जुना झाला. गाडीत बसायचे सोडून ते आधी इंजिनाकडे गेले आणि काठी टेकवून ऐकू लागले. ड्रायव्हर म्हणाला, “काय म्हातारबा, काय म्हनतीया आमची राणी?”

“तहान लागल्या गं तिला. उजव्या चाकाला तेल घाल.”

ड्रायव्हर हसला, पण तेलाची झारी घेऊन खाली उतरला. मिस्त्री आमच्याकडे पाठ करून थोडा वेळ तिथेच उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. मग तोंड पुसून आले आणि डब्यात चढले. तात्यांनी त्यांना गुळाची ढेप दिली, नातवासाठी. ती मांडीवर घेऊन ते खिडकीशी बसले. गाडी हलली तेव्हा त्यांनी हात केला नाही. दोन्ही हात ढेपेवर होते. नुसती मान हलवली. मी त्यांना शेवटचे पाहिले ते असे.

पंधरा दिवसांनी मला मुंबईहून कार्ड आले. साध्या इंग्रजीत तीन ओळी: जहाज मोठे आहे. मी आत आहे. पाटलांना सांग, सगळी मशीन चालू. ते कार्ड मी तात्यांना वाचून दाखवले, हवालदारांना दाखवले, कारखान्यात साहेबांनाही दाखवले. माझ्या छातीवरचे ओझे उतरले. पुढची तीन वर्षे, माझ्याकडून झालेली ती चूक आठवली की मी लगेच त्या वाढवलेल्या खोलीचा विचार करीत असे. मिस्त्री तिथे बसले आहेत, नातू काठीशी खेळतो आहे. कॉलेजातल्या मित्रांना हा किस्सा मी हसत सांगितला आहे, हेही कबूल करतो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो, तर तात्या ओसरीवर माझी वाट पाहत बसले होते. एक सरकारी लिफाफा पुढे करून म्हणाले, “ह्ये वाच. मला अक्षर लागलं, पर अर्थ नीट न्हाय लागला.”

मुंबईच्या एका धर्मादाय क्षयरुग्णालयाचे पत्र होते, ‘पोलीस पाटील, मौजे अंथुर्णे’ या नावाने. आपल्या गावचे रहिवासी यान कोवाल हे क्षयाने निधन पावले. जहाजावर चढण्यापूर्वीच्या तपासणीत छातीत डाग आढळल्याने त्यांना परत पाठवण्यात आले होते. तेव्हापासून ते याच रुग्णालयात होते. अंगात ताकद होती तोवर रुग्णालयाचा पाण्याचा पंप तेच पाहत. परदेशातील मुलीस कळवले आहे. दाखल होताना त्यांनी आपले गाव अंथुर्णे असे सांगितल्यावरून हे पत्र. मागे राहिलेल्या वस्तू: कोट एक, टिनचा डबा एक, काठी एक. काठीचा उपयोग समजला नाही.

मी वाचून थांबलो. तात्या उठले आणि आतून गावच्या जन्ममृत्यूचे दप्तर घेऊन आले.

मी म्हणालो, “तात्या, मरण मुंबईत झालं. ते तिथंच नोंदतात. आपल्याला इथं लिहिता येत नाही.”

“तुजं नियम ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. माझ्यावर ते प्रथमच रागावले होते. “एकदा ऐकलं न्हवं तुजं.”

त्यांचा हात मोडीला सरावलेला. बाळबोध अक्षर ते सावकाश काढतात. नाव लिहिले. गाव लिहिले. बापाच्या नावाशी आले आणि माझ्याकडे पाहिले. मला माहीत नव्हते. जातीच्या रकान्यात त्यांनी ‘मिस्त्री’ लिहिले. शेवटचा रकाना मरणाच्या कारणाचा. तिथे लेखणी बराच वेळ थांबली. मी पत्रातला शब्द सांगणार होतो, पण तात्यांनी दप्तर मिटले.

“ऱ्हाऊ दे,” ते म्हणाले. “तुला ठावं हाय, मला ठावं हाय. दप्तराला कशाला?”

तो रकाना अजून कोराच आहे.